आठ दिवसांचा चष्मा

"त्याची गोष्ट ऐकून रडू नकोस," नणंद म्हणाली होती. "रडलीस की संपलं. तो आधी गोष्ट सांगतो आणि मग करतो. हा क्रम तेवढा लक्षात ठेव."

लग्नाला पंधरा दिवस राहिले होते. दोघी होणाऱ्या नवऱ्याच्या चष्म्याच्या दुकानात आरशापुढे उभ्या होत्या. तो मागच्या खोलीत काच घासत होता. यंत्राची किरकिर चालू होती, आणि तिच्या आडोशाने नणंद एकेक फ्रेम नाकावर चढवत, आरशात बघत, ओठ फारसे न हलवता बोलत होती. वय पंचेचाळीस, बिनलग्नाची, दवाखान्यात नर्स. आवाजाला साखर कधी लागलीच नसावी.

आता, मानसशास्त्र घेऊन बी.ए. झालेल्या चोवीस वर्षांच्या मुलीला असं काही सांगितलं तर ती काय करणार? ती समजूतदारपणे हसली. म्हणाली, "ताई, तुम्ही दोघांनी एकाच घरात सोसलंत. तुम्ही ते आत दाबून टाकलंत, तो बोलून मोकळा होतो, एवढाच फरक आहे."

"असेल बाई," नणंद म्हणाली आणि फ्रेम जागच्या जागी ठेवून दिली.

त्या संध्याकाळी तिने मैत्रिणीला फोनवर सांगितलं, की आमच्या नणंदबाई डिनायलमध्ये आहेत, खरं मानायलाच तयार नाहीत. दोघी पोट धरधरून हसल्या.

मुलगा तिला आवडला होता तोच मुळी त्याच्या लहानपणामुळे. तिचं स्वतःचं लहानपण इतकं सरळ गेलं होतं, की त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. वडील कामावरून आले की आधी तिला उचलून घ्यायचे आणि मग बूट काढायचे. परीक्षेच्या दिवसांत आई शेजारी बसून स्वेटर विणायची. कुणाला सांगायला जावं तर समोरचा जांभई देईल. आणि हा! ह्याचा बाप नावाजलेला चष्मेवाला, गिऱ्हाइकाशी बोलताना तोंडात मध, आणि घरी पाऊल टाकलं की हात कमरेच्या पट्ट्याकडे. तो हे सगळं खालच्या आवाजात, स्वतःच्या नखांकडे बघत सांगायचा, आणि तिच्या कपातला चहा गार होऊन जायचा.

लग्न झालं आणि तिला कारणं सापडायला लागली. तिने त्याची छत्री शेजारणीला दिली म्हणून तो अकरा दिवस बोलला नाही. का? तर त्याची आई अशीच अबोला धरायची. दुकानात काउंटरवरच्या मुलीला त्याने गिऱ्हाइकांदेखत असं काही सुनावलं, की ती रडत निघून गेली आणि पुन्हा आलीच नाही. का? तर बापाने त्याला चारचौघांत असंच वागवलं होतं. कारण सापडलं की तिला हायसं वाटे. दुखणं काय ते कळलं म्हणजे अर्धं बरं झालंच, अशी तिची समजूत.

"काय प्रोफेसरीणबाई," तो हसत विचारायचा, "सापडलं का कारण?"

आणि सापडलेलं असायचं.

एका रविवारी त्याने सांगितलं, की बाप त्याला दुकानाच्या कोठीत कोंडून जेवायला निघून जायचा. त्याचं डोकं मांडीवर घेऊन ती रडली. गुरुवारी ती घराला लागूनच असलेल्या गच्चीत वाळलेले कपडे काढायला गेली आणि दार आतून लागलं. दोन तास. मुलगी तेव्हा नऊ महिन्यांची होती. ती पाळण्यात किंचाळत होती, आणि तो पलीकडे सोफ्यावर पाय पसरून बसलाय हे हिला दाराच्या काचेतून दिसत होतं. दार उघडल्यावर तो म्हणाला, "माझ्या वेळी तर चार-चार तास असायचे." आणि तिने, खोटं वाटेल तुम्हाला, त्याच्याच पाठीवरून हात फिरवला.

आधी रविवार, मग गुरुवार. क्रम असा डोळ्यांपुढे उभा होता. पण तिला तेव्हा फक्त कारण दिसलं.

मुलगी वाढत गेली तसे तिच्या आईचे कान सशासारखे झाले. खाली दुकानाचं शटर किती जोरात पडलं, जिन्यावर पावलं सलग आली की मध्ये थांबली, यावरून ती ओळखायची की आज मुलीला लवकर झोपवायचं का. मुलीला सगळे बबडी म्हणत. बबडी दुधाचा पेला सांडायची तेव्हा आधी आईकडे बघायची आणि मग दाराकडे. चार वर्षांच्या पोरीची मान अशी वळताना बघून ती दार लोटून घ्यायची, मगच फरशी पुसायची. हिच्या अंगाला हात लागू द्यायचा नाही, बाकी काय वाट्टेल ते होवो, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. बाकीत काय काय येऊ शकतं, हे तिला ठाऊक नव्हतं.

मग सासरे आले.

चार वर्षांपूर्वी त्यांना झटका आला होता आणि उजवं अंग गेलं होतं. इतके दिवस नणंदेनेच त्यांचं केलं. आता तिचंच खुब्याचं ऑपरेशन निघालं, तिलाच उठता-बसता कुणीतरी लागणार, म्हणून म्हातारा मुलाकडे आला. खाली दुकान, दुकानामागे काच घासायची खोली, आणि तिच्याही मागे बोळाच्या बाजूला एक रिकामी खोली होती. तिथे त्यांची खाट टाकली. खिडकीला चार उभे गज. दोन पायऱ्या उतरलं की न्हाणीघर.

वाचा गेली होती. एकच शब्द उरला होता, "बरं." भूक लागली तरी बरं, दुखलं तरी बरं. काठी टेकत, एक पाय ओढत न्हाणीघरापर्यंत जायचे. बाकी दिवसभर पेपर. जाड काचांचा, दूरचा आणि वाचायचा असा दोन नंबरांचा चष्मा लावून, पहिल्या पानावरच्या बातमीपासून शेवटच्या पानावरच्या जाहिरातीपर्यंत सगळं वाचायचे. शेजारच्या खोलीत यंत्र चालू असायचं. काच जरा वाकडी लागली की आवाज बदलतो. तो बदलला की म्हाताऱ्याची भुवई वर जायची. हात गेला तरी कान अजून कारागिराचेच होते.

ती त्यांच्याकडे बघायची आणि तिला तो पट्टा दिसायचा. भाजीची वाटी पुढे ठेवताना तिच्या मनात यायचं, ह्या लुळ्या पडलेल्या उजव्या हाताने मारलं असेल का, की डाव्या?

पण एक झालं. सासरे आले आणि घरात सुख आलं.

नवरा वेळेवर वर यायला लागला. बबडीसाठी रंगीत खडू आणले. दूध सांडलं तर स्वतः फडकं घेऊन आला. सहा आठवड्यांत एकदाही शटर आपटलं नाही. जेवण झालं की तो खाली जाऊन बापासमोर स्टूल ओढून बसायचा आणि अर्धा तास बोलायचा. तिला वाटलं, बरं झालं, मनातलं सांगतोय बापाला.

एकदा ती औषध द्यायला गेली तेव्हा तो गोष्टीच्या अर्ध्यावर आला होता.

"ये, तूही ऐक. बाबा, ते मायनसचं प्लस झालं होतं ते सांगतोय. आठवतं ना?"

"बरं," सासरे म्हणाले.

तो अकरा वर्षांचा होता. दुकानात हाताखाली काम करायचा. एका बाईचा मायनस नंबरचा चष्मा होता, आणि ह्याने काचांच्या पुड्यांची अदलाबदल करून प्लसच्या काचा दिल्या. बाई ओरडत आली. बापाने हात जोडून माफी मागितली, चष्मा परत घेतला, आणि गिऱ्हाईक गेल्यावर तोच चष्मा ह्याच्या नाकावर चढवला. "चुकीचा नंबर म्हणजे काय ते कळू दे." आठ दिवस. शाळेत, जेवताना, जिन्यावर. चांगले डोळे असलेल्या पोराला. तो ओकायचा. पाचव्या दिवशी जिन्यावरून पडला. हनुवटीवरचा व्रण त्याने बोटाने दाखवला. तिने त्या व्रणाचा कितीदा तरी मुका घेतला होता, कारण मात्र आज कळत होतं.

ती रडली. सासऱ्यांच्या समोरच रडली. म्हातारा चष्म्याआडून एकदा मुलाकडे आणि एकदा तिच्याकडे बघत होता. डोळ्यांत पाणी होतं. पण झटका आल्यापासून ते तसंही कायम असायचं.

चौथ्या दिवशी नवरा म्हणाला, "बाबांचा चष्मा फार जुना झालाय. नवीन करून देतो." जुना घेऊन गेला आणि संध्याकाळी नवा घेऊन आला. सुंदर फ्रेम होती. घसरू नये म्हणून काड्यांना मागून रबरी पट्टी बांधली होती, गाठ घट्ट.

दुसऱ्या दिवसापासून पेपर घडीसुद्धा न मोडता पडून राहायला लागला.

सासरे सकाळी ओकले. भाजीच्या वाटीच्या बाजूला चमचा घालायला लागले. चष्मा कपाळावर सरकवायचे, पण एका हाताने मागची गाठ काही सुटायची नाही. आणि सरकवला की बबडी धावत जायची. तिच्या बाबांनी तिला कामच दिलं होतं: आजोबांचा चष्मा नीट बसवायचा. नीट बसवला की एक चॉकलेट.

तिसऱ्या दिवशी सासरे झोपले असताना तिने गाठ सोडली आणि चष्मा खिडकीपाशी नेला.

चष्मेवाल्याच्या घरात आल्यावर पहिल्याच महिन्यात नवऱ्याने तिला एक युक्ती शिकवली होती. यंत्र नको, काही नको. चष्मा डोळ्यांपासून हातभर लांब धरायचा आणि काचेतून एखादी उभी रेघ बघायची. मग चष्मा हळूच डावीकडे-उजवीकडे हलवायचा. रेघ चष्म्याबरोबर सरकली तर मायनस. उलट्या बाजूला सरकली तर प्लस. सासऱ्यांचा नंबर मायनस आठ होता.

तिने चष्मा हलवला. खिडकीचे गज उलटे सरकले.

तिने पुन्हा हलवला. चारही गज पुन्हा उलटे.

आता हे नीट लक्षात घ्या, कारण इथे चूक झाली असं म्हणायला जागा नाही. तिला कळलं. अगदी प्लस-मायनससकट कळलं. तिने मागे वळून म्हाताऱ्याकडे बघितलं. तोंड उघडं टाकून तो झोपला होता. तिच्या मनात तो अकरा वर्षांचा मुलगा आला, हनुवटीवरून रक्त वाहणारा. आठच दिवस तर आहेत, तिला वाटलं. आठ दिवसांत फिटेल. आणि त्याच्याही खाली, जिथे माणूस सहसा वाकून बघत नाही तिथे, दुसरं काहीतरी होतं: सहा आठवडे शटर आपटलेलं नाही. बबडीने काल दूध सांडलं आणि दाराकडे बघितलं नाही.

तिने चष्मा परत सासऱ्यांच्या नाकावर ठेवला आणि मागे गाठ मारली. तिची गाठ नवऱ्याच्या गाठीपेक्षा घट्ट बसली.

आठ दिवस झाले. मग पंधरा.

तिला झोप लागेना तशी तिने एका दुपारी नणंदेला फोन केला. इकडचं-तिकडचं बोलून विचारलं, "ताई, ती चष्म्याची शिक्षा... खरंच झाली होती का हो?"

"झाली होती तर. त्याला आठ दिवस, मला पंधरा. मी फ्रेम मोडली होती."

"तुम्हाला पण?"

"मग काय, मी पाहुणी होते का त्या घरात?" पलीकडे खाटेचा करकर आवाज झाला. "ऐक. झटका आल्यावर बाबांना मी घरी आणलं ना, त्याच दिवशी त्यांच्या पाण्याचा पेला मी हात पोचणार नाही असा ठेवला. मुद्दाम. दहा मिनिटं ते पेल्याकडे बघत होते आणि मी त्यांच्याकडे. मला इतकं छान वाटलं गं, काय सांगू. इतकं छान वाटलं म्हणूनच उठले आणि पेला जवळ सरकवला. पुन्हा लांब ठेवला नाही."

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"माफ केलं वगैरे काही नाही हं," नणंद म्हणाली. "अजून राग येतो. पण पेला जवळच ठेवायचा असतो. त्यात राग काय आणि लोभ काय? बरं, बाबा कसे आहेत? पेपर वाचतात ना?"

"हो," ती म्हणाली. "वाचतात ना. दिवसभर."

तेव्हाच सांगता आलं असतं. नणंद लंगडत का होईना, आली असती. पण सांगायचं म्हणजे गज सांगायला हवे होते आणि गाठ सांगायला हवी होती. फोन ठेवून ती खाली गेली, आणि खोलीच्या दाराशीच थांबली.

बबडी आजोबांच्या पुढ्यात उभी होती. हातात त्यांची काठी होती. "इथे आहे काठी, इथे," असं म्हणत ती काठी पुढे करायची, म्हाताऱ्याचा डावा हात हवेत चाचपडत आला की मागे घ्यायची. मग तिने काठी खाली ठेवली आणि त्यांच्या दंडाला चिमटा काढला. चांगला पीळ देऊन काढला.

"बरं," सासरे म्हणाले.

"बबडे! काय चाललंय?"

पोर दचकली नाही. "आजोबांनी बाबांना मारलं होतं," ती म्हणाली. "त्यांना कळायला हवं ना?" आणि मग, आईला धीर द्यावा तसं, "ते कुणाला सांगत नाहीत आई. त्यांना बोलताच येत नाही."

तिचा हात उठला होता. तो तसाच खाली आला. मुलीला काय म्हणून मारणार? मुलीकडे कारण होतं. नवऱ्याकडे होतं. म्हाताऱ्याकडेही असेलच, त्याच्या बापाने दिलेलं. त्या घरात बिनकारणाची ती एकटी होती. तिला कुणी कोंडलं नव्हतं, कुणी पट्टा दाखवला नव्हता. बूट काढायच्या आधी तिला उचलून घेतलं होतं.

उद्या जुना चष्मा शोधू, असं तिने ठरवलं. उद्या म्हणजे मंगळवार.

मंगळवारी दुपारी चार वाजता ती वर स्वयंपाकघरात होती. खालून आवाज आला, पोतं पडावं तसा. मग बबडीची पावलं जिन्यावर.

"आई, आजोबा पायरीवरून पडले. पण मी चष्मा नीट बसवला होता हं. पडायच्या आधी बसवला होता."

यंत्राची किरकिर चालूच होती. नवऱ्याने हातातली काच पूर्ण केली आणि मग तो उठला.

दवाखान्यात कळलं, खुबा मोडलाय. डॉक्टर तरुण होती. तिने म्हाताऱ्याच्या उशाशी ठेवलेला चष्मा उचलून विचारलं, "पडले तेव्हा चष्मा होता का डोळ्यांवर? नंबर तपासलाय कधी? या वयात बरेचदा तेच कारण असतं."

"मीच करून दिलाय," नवरा म्हणाला. "आमचं दुकानच आहे."

"अरे वा! मग काय प्रश्नच नाही. नशीबवान आहात हं आजोबा."

"बरं," सासरे म्हणाले.

ती दोन हातांच्या अंतरावर उभी होती. खोलीला खिडकी होती, खिडकीला गज होते. चष्मा डॉक्टरच्या हातात होता. एक वाक्य पुरलं असतं. तिने बबडीच्या फ्रॉकचं बटण लावलं. ते आधीच लागलेलं होतं, म्हणून काढून पुन्हा लावलं.

तीन आठवड्यांनी सासरे घरी आले ते खाटेला खिळूनच. आणि आता त्यांना चष्मा लावला काय, न लावला काय, ते डोळेच उघडेनात. नवरा स्टुलावर बसून गोष्टी सांगायचा आणि समोर मिटलेल्या पापण्या. चारपाच दिवस त्याने नेटाने सांगितल्या. मग त्याचा विरस झाला.

गुरुवारी शटर आपटलं.

शुक्रवारी जेवताना त्याने बबडीला मांडीवर घेतलं. तिच्या केसांतून बोटं फिरवत, नखांकडे बघावं तसं तिच्या भांगाकडे बघत, त्याने खालच्या आवाजात सुरुवात केली.

"मी एवढाच होतो. हिच्याएवढाच. बाबा मला पोहायला घेऊन गेले. खोल बाजूला नेलं आणि हात सोडला. काठावर उभे राहून मोजत होते. साठपर्यंत मोजले आणि मग ओढून काढलं." तो थांबला. "उन्हाळा आलाच आहे. रविवारी हिला नेऊ या का तलावावर?"

"हो!" बबडी टाळ्या पिटत म्हणाली.

नळ ठिबकत होता. तो तिच्याकडे बघत होता, आणि वाट बघत होता. सात वर्षांत पहिल्यांदाच तिला कळलं, की गोष्ट संपल्यावर तो नेहमी असाच थांबतो, आणि कशासाठी थांबतो.

"काय गं प्रोफेसरीण?" तो म्हणाला. "आज डोळे कोरडे?"

"कांदा चिरताना रडून झालं," ती म्हणाली आणि ताटं उचलली.

शनिवारी सकाळी तो काचा आणायला घाऊक बाजारात गेला. तिने एका पिशवीत बबडीचे कपडे भरले. मग दुकानाचे खण उपसले. जुना चष्मा तिसऱ्या खणात होता, नीट कापडात गुंडाळलेला, पुडीवर त्याच्या सुबक अक्षरात लिहिलेलं: 'बाबा'.

ती मागच्या खोलीत गेली. नव्या चष्म्याची पट्टी गळ्यात लोंबत होती. तिनेच मारलेली गाठ सुटेना, शेवटी कात्रीने कापली. जुना चष्मा त्यांच्या नाकावर ठेवला. पाण्याचा पेला डाव्या हाताशी सरकवला.

"बाबा," ती म्हणाली. "बाबा, बघा."

पापण्या उघडल्या. जाड काचांमागे डोळे लहान दिसतात, पण ते स्थिर झाले. आधी खिडकीवर. मग पेल्यावर. मग तिच्यावर. पन्नासेक दिवसांनी म्हातारा तिला स्वच्छ बघत होता, आणि खूप वेळ बघत होता. तिच्या खांद्यावरच्या पिशवीकडेही त्याने बघितलं.

"मी ताईंना कळवते," ती म्हणाली.

"बरं."

तो बरं ह्या शब्दाने काय म्हणाला हे तिला समजलं, आणि ती बबडीचा हात धरून बोळातल्या दाराने बाहेर पडली. दोघींना निघता येत होतं, तिघांना नाही. हे खरं आहे. आणि म्हातारा पडायच्या आधी तिघांनाही निघता आलं असतं, हेही तितकंच खरं आहे.

ताईंना तिने कळवलं नाही. फोन हातात घेते, आणि कुठून सुरुवात करायची ते कळत नाही. नवऱ्याच्या लहानपणापासून सुरुवात केली तर पहिल्या वाक्यात ताई म्हणतील, तू गोष्ट सांगू नकोस, काय केलंस ते सांग.

ती आता आईवडिलांकडे असते. वडील संध्याकाळी दाराशी आले की आधी बबडीला उचलतात आणि मग बूट काढतात. बबडी त्यांच्या चष्म्याशी खेळते. परवा त्यांनी हसत-हसत तो काढून बाजूला ठेवला तर ती म्हणाली, "काढायचा नाही," आणि त्यांच्या दंडाला चिमटा काढला. वडील हसले. म्हणाले, लहान आहे. ती स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. कारण शोधायची तिला गरज पडली नाही.

दुकान चालू आहे. बायको सोडून गेली म्हणून गिऱ्हाइकं हळहळतात, एक तर लहानपण असं गेलं बिचाऱ्याचं, आणि आता हे. तिने एकदाच त्याला फोन केला. विचारलं, बाबा कसे आहेत?

"मजेत," तो म्हणाला. "त्यांना नवीन चष्मा करतोय. तू जुना कशाला बाहेर काढलास गं? तडा गेला त्याला."

म्हणून तुम्हाला सांगायचं. तुमच्या वाटेवर असं एखादं चष्म्याचं दुकान असेल, पुढे गोड बोलणारा मालक आणि मागे बोळ, तर एकदा बोळाच्या बाजूने जा. चार उभ्या गजांची खिडकी असेल. शेजारचं दार बहुतेक नुसतं लोटलेलं असतं. आत गेल्यावर म्हाताऱ्याला कसे आहात असं विचारू नका, तो बरंच म्हणेल. पेला डाव्या हाताशी आहे का बघा. मग त्याचा चष्मा मागून घ्या, हातभर लांब धरा, खिडकीचे गज बघा आणि हळूच डावीकडे-उजवीकडे हलवा. गज चष्म्याबरोबर सरकले तर पुन्हा घालून द्या आणि आपल्या कामाला जा. उलटे सरकले, तर मग त्या माणसाने कोणे एके काळी काय केलं होतं, त्याच्या मुलाचं काय झालं होतं, हे कुणी कितीही छान सांगो, तो चष्मा परत त्याच्या नाकावर ठेवू नका. जाल ना? आज जमलं तर आजच जा.